पंगतीला बसलेली रांग

महानगरातील एखाद्या पंचतारांकित हॉटेलचे, बाहेर कोणतीही पाटी नसलेले दालन. लांब टेबलावर वीस-पंचवीस जणांची पाने मांडलेली. पाहुण्यांमध्ये शल्यचिकित्सक, बांधकाम व्यावसायिक, सनदी लेखापाल, सॉफ्टवेअर कंपनीतून चाळिशीतच बाहेर पडलेला एखादा संस्थापक. आणि त्यांच्याच शेजारी, ज्याच्या मनगटावरचे घड्याळ इतरांच्या तुलनेत फारच साधे आहे, पण ज्याला प्रत्येक यंत्राचा क्रमांक तोंडपाठ आहे, असा एखादा बँक कर्मचारी. दोन पदार्थ वाढून झाले की हातमोजे घातलेला एक तरुण मऊ अस्तराचे तबक घेऊन येतो. तबकात सहा-सात घड्याळे असतात. भिंग या हातातून त्या हातात फिरू लागते. घड्याळ उलटे करून पाहिले जाते, पुढून क्वचितच. दुसऱ्याच्या मनगटावर चढवून छायाचित्र काढले जाते. किमतीचा उच्चार कोणी करीत नाही. कंपनीचा प्रतिनिधी तर अजिबात करीत नाही. मुखवासाची वाटी फिरेपर्यंत तबकातील प्रत्येक घड्याळ मोजून पेटीत परत गेलेले असते आणि त्या संध्याकाळी प्रत्यक्ष विक्री झालेली असते शून्य.

अशा मेजवान्या आता जगभर होतात. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबादही त्याला अपवाद राहिलेली नाहीत. त्यांच्याकडे श्रीमंतांचा विरंगुळा म्हणून पाहून पुढे जाणे सोपे आहे. तथापि गेल्या काही वर्षांत महागड्या घड्याळांच्या व्यापाराने घेतलेली वळणे आणि भारताने १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार देशांशी अमलात आणलेला व्यापार करार एकत्र ठेवून पाहिले, तर या टेबलाचे महत्त्व ध्यानात येते. सरकारने कमी केला आहे तो आयातशुल्काचा अडसर. या बाजाराच्या दारावर उभा आहे तो पहारेकरी मात्र वेगळाच आहे, आणि तो जेवायला कोणाला बोलवायचे हे ठरवतो.

हा प्रकार समजून घ्यायचा तर जर्मनीतील एका कंपनीचे उदाहरण उपयोगी पडते. ड्रेस्डेनजवळच्या ग्लासह्यूटे या डोंगराळ गावात फर्डिनांड अडॉल्फ लांगे यांनी १८४५ मध्ये घड्याळांचा कारखाना काढला. खाणींचा व्यवसाय आटल्याने दारिद्र्यात गेलेल्या गावाला रोजगार मिळावा म्हणून सॅक्सनीच्या सरकारने त्यांना कर्ज दिले होते. शंभर वर्षे कारखाना नावारूपाला आला. ८ मे १९४५ रोजी, म्हणजे युरोपातील महायुद्धाच्या अखेरच्या दिवशी, बॉम्बवर्षावात त्याची मुख्य इमारत उद्ध्वस्त झाली. १९४८ मध्ये सोव्हिएत अमलाखालील प्रशासनाने तो ताब्यात घेतला आणि तबकडीवरून ‘लांगे’ हे नाव पुढे पुसले गेले. संस्थापकांचे पणतू वाल्टर लांगे पश्चिमेकडे निघून गेले. बर्लिनची भिंत पडल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते परतले आणि ७ डिसेंबर १९९० रोजी, मूळ स्थापनेला बरोबर १४५ वर्षे पूर्ण होत असताना, त्यांनी कंपनीची पुन्हा नोंदणी केली. तेव्हा त्यांच्याकडे ना इमारत होती, ना यंत्रे, ना विकायला एकही घड्याळ. सोबत होते ते ग्युंटर ब्ल्युमलाइन हे व्यापाराची विलक्षण जाण असलेले व्यवस्थापक.

चार वर्षे कारागीर खपले. मग २४ ऑक्टोबर १९९४ रोजी ड्रेस्डेनच्या राजवाड्यात पहिला संग्रह मांडण्यात आला. चार प्रकारची घड्याळे, एकूण नग १२३, आणि समोर मोजून बारा विक्रेते. सारे नग तेथेच संपले. वृत्तपत्रीय वाचकांना गंमत वाटावी असा तपशील म्हणजे तारखेच्या मोठ्या खिडकीत त्या दिवशी ‘२४’ नव्हे, ‘२५’ हा आकडा होता. कारण छायाचित्रे दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून येणार होती. आजही या कंपनीच्या अधिकृत छायाचित्रांत बहुधा २५ तारीखच दिसते. बारा विक्रेते आणि १२३ घड्याळे या हिशेबातच पुढच्या तीन दशकांची व्यापारनीती दडलेली होती. माल थोडा, पाहणारे निवडक आणि पाहणाऱ्यांपैकी काहींना तरी ‘आपल्याला मिळाले नाही’ ही हुरहुर! २००० साली रिशमाँ या स्विस समूहाने ही कंपनी इतर दोन घड्याळ कंपन्यांसह तीन अब्ज फ्रँकहून अधिक किंमत मोजून घेतली, तेव्हा यंत्रसामग्रीइतकेच मोल या हुरहुरीचेही होते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तबकातून जे फिरते ते बनावट नवल नसते. या कंपनीच्या घड्याळाची मागची काच भिंगाखाली धरली तर जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूची, यंत्राचा पाऊण भाग झाकणारी पट्टी दिसते. खड्यांभोवती सोन्याची कडी निळ्या स्क्रूंनी बसवलेली दिसतात आणि समतोल चक्रावरच्या छोट्या पुलावर हाताने कोरलेली नक्षी दिसते. ही नक्षी कोणत्या कारागिराची आहे हे तिच्या वळणावरून ओळखणारी माणसे कारखान्यात आहेत. प्रत्येक घड्याळ एकदा जुळवले जाते, तपासले जाते, पुन्हा पूर्ण सुटे केले जाते, पुसले जाते आणि दुसऱ्यांदा जुळवले जाते. बाहेरून न दिसणाऱ्या भागांच्या कडाही घासून चकचकीत केलेल्या असतात. वेळ कळण्यासाठी यातील कशाचीच गरज नाही. रस्त्यावरच्या दोनशे रुपयांच्या क्वार्ट्झ घड्याळाची वेळ याहून अचूक असते, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही भिंग डोळ्याला लावलेला माणूस काही क्षण बोलायचा थांबतो. ती दाद खरी असते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात या कंपनीने जे मांडले त्याच्याकडे पाहिले तरी हे दुहेरी रूप दिसते. एक होते काळ्या मिनाकाम तबकडीचे, प्लॅटिनमचे, कळ सरकवताच तास-मिनिटे बारीक घंटानादाने सांगणारे आणि शाश्वत पंचांग असलेले घड्याळ. साऱ्या जगासाठी त्याचे नग पन्नास. दुसरे कंपनीच्या खास मधाळ सोन्यातले, शंभर नगांचे. आणि तिसरे, ज्याची उत्साही मंडळींत सर्वाधिक चर्चा झाली, ते अवघ्या ३४ मिलिमीटर व्यासाचे, दोन काटे आणि एक छोटा सेकंद काटा एवढाच संसार असलेले, रोज नाही पण तीन दिवसांतून एकदा तरी चावी द्यावी लागणारे. पंधरा-वीस वर्षे घड्याळे परातीएवढी करण्याची स्पर्धा चालली होती. ती ओसरत असल्याचे हे चिन्ह होते. या मेजवान्यांत पुरुषांचेच प्राबल्य असते. छोट्या मनगटांचा विचार झाला तर निदान टेबलाचे चित्र तरी थोडे बदलेल, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

पण नवा संग्रह दुकानात न ठेवता जेवणाच्या टेबलावर का मांडायचा? याचे उत्तर बाझल शहरात मिळते. १९१७ पासूनच्या व्यापारी जत्रेची परंपरा सांगणारे ‘बाझलवर्ल्ड’ हे घड्याळांचे सर्वांत मोठे प्रदर्शन. वर्षातून एकदा तेथे जायचे, मागण्या नोंदवायच्या आणि मग माल दुकानदारामार्फत गिऱ्हाइकापर्यंत, अशी ही जुनी उतरंड होती. दालनांचे भाडे, हॉटेलांचे अव्वाच्या सव्वा दर आणि आयोजकांचा ताठा यांना कंपन्या कंटाळल्या. स्वॉच समूहाने २०१८ मध्ये बाहेर पडण्याचे जाहीर केले. कोविडमुळे २०२० चे प्रदर्शन होऊ शकले नाही आणि त्याच एप्रिलमध्ये रोलेक्स, पाटेक फिलिप, शोपार, शनेल यांनीही काढता पाय घेतला. शतकभराचा डोलारा अडीच-तीन वर्षांत कोसळला. जिनिव्हाचे प्रदर्शन त्याच्या जागी मोठे झाले खरे. परंतु दरम्यान कंपन्यांना एक शोध लागला होता. दुकानदाराला मध्ये न घेता गिऱ्हाइकाची थेट ओळख करून घेता येते, हाच तो शोध. ऑडेमार्स पिगेने दुकानांऐवजी घराच्या बैठकीसारखी दालने उघडली. रोलेक्सने २०२३ मध्ये बुखेरर ही जुनी स्विस विक्रेता कंपनीच विकत घेतली. रिशमाँच्या अनेक छापांची विक्री स्वतःच्या दालनांतून होऊ लागली.

हौशी मंडळींची बैठक मात्र कंपन्यांनी निर्माण केलेली नाही; ती त्यांना आयती मिळाली. न्यूयॉर्कमध्ये २००७ च्या सुमारास दोन हौशी एका बारमध्ये आपापली घड्याळे घेऊन भेटू लागले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘रेडबार’ या मंडळाच्या शाखा पुढे अनेक देशांत निघाल्या. आरंभीचा नियम साधा होता. घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, कोणीही उचलून पाहावे, आणि किमतीवरून कोणाला लहान-मोठे लेखू नये. एचएमटी घालून आलेला आणि पाटेक घालून आलेला एकाच चर्चेत बसे. जुन्या नाण्यांच्या वा तिकिटांच्या संग्राहकांत जशी वेडाची समानता असते, तशीच ही होती. कंपन्यांच्या विक्री विभागांनी हे पाहिले आणि विनम्रपणे विचारले की पुढच्या भेटीचे जेवण आमच्याकडून असले तर? हौशींनाही, जे एरवी काचेआडच पाहायला मिळाले असते ते हाताळायला मिळणार होते. सौदा दोघांनाही मानवला.

मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. टेबलावर बसलेल्यांपैकी अनेकांचे शब्द हजारो अनुयायी वाचतात, ऐकतात. घड्याळाची जाडी वाढली आहे, पट्ट्याचे कडे निकृष्ट आहे किंवा तीन वर्षांत किंमत अवाजवी चढली आहे, हे तेथे बसून कोण म्हणणार? काही म्हणतात. पण त्यांना पुढच्या जेवणाचे निमंत्रण वेळेवर पोहोचेलच याची खात्री नसते. हा व्यवहार लाच नव्हे आणि जाहिरातही नव्हे. दोहोंच्या मधल्या धूसर जागेत तो बसतो. ज्याला पुढे-मागे घड्याळ हवे आहे त्याची अडचण तर याहून मोठी. मर्यादित नगांपैकी एखादा कोणाला द्यायचा याचा निर्णय पैशावर होत नाही. पैसे सर्वांकडेच असतात. आधी काय घेतले, घेतलेले लगेच विकले तर नाही ना, कोणाच्या ओळखीने आला, कार्यक्रमांना येतो का, या साऱ्याची नोंद ठेवली जाते. एक हवे असलेले घड्याळ मिळावे म्हणून नको असलेली दोन घेणारे ग्राहक असतात, हे या व्यापारातले उघड गुपित आहे. मेजवानी ही त्या नोंदवहीतली एक ओळ असते.

म्हणजे ही रांगच आहे. फक्त तिला पानावर बसवले आहे. आणि रांगेचे हे प्रकरण महाराष्ट्रातल्या मधल्या पिढीला नवे नाही. परवाना राज्यात आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. नंबर लागलेला कागद हीच मालमत्ता असे आणि गाडी हाती येताच मूळ किमतीहून अधिक भावाने ती विकता येई. एचएमटीचेही तेच. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळुरूत बनू लागलेली ही घड्याळे सत्तरच्या दशकात मागणीला पुरी पडत नसत. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला किंवा जावयाला घड्याळ द्यायचे तर कोणाची तरी ओळख काढावी लागे. ती टंचाई सरकारच्या परवानामर्यादेतून आलेली होती आणि १९९१ नंतर ती संपल्याचा आनंद मध्यमवर्गाने मनापासून साजरा केला. आज त्याच वर्गातून वर गेलेले लोक कारखानदाराने राखलेल्या टंचाईच्या रांगेत आपखुशीने उभे आहेत आणि त्या उभे राहण्यालाच प्रतिष्ठा समजत आहेत. दोन्ही टंचाया सारख्याच, असे म्हणणे अर्थात अन्यायाचे होईल. दोनदा जुळवणी होणाऱ्या घड्याळाचे उत्पादन रातोरात दुप्पट करता येत नाही. नक्षीकाम शिकायलाच कित्येक वर्षे लागतात. परंतु वर्षाला दहा लाखांहून अधिक नग बनवते असा अंदाज असलेल्या कंपनीच्या पोलादी घड्याळासाठीही जेव्हा दुकानदार ‘तुमचे नाव नोंदवून ठेवतो’ म्हणतो, तेव्हा कारागिरीचे कारण पुरेसे पडत नाही.

या नीतीमागे अस्तित्वाची भीती आहे, हे विसरून चालणार नाही. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यानंतरच्या दीड दशकात स्वित्झर्लंडमधील या उद्योगाचे सुमारे ९० हजार रोजगार एक तृतीयांशाच्या आसपास उरले. जुरा पर्वतरांगांतली गावेच्या गावे ओस पडली. स्वस्त घड्याळात जपानशी आणि पुढे चीनशी लढणे अशक्य आहे, हा धडा स्विसांनी तेव्हा घेतला आणि ते वरच्या मजल्यावर राहायला गेले. त्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट आहे. २०११ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून वर्षाला जवळपास तीन कोटी घड्याळे निर्यात होत. २०२४ मध्ये ती संख्या दीड कोटीच्या थोडी वर होती. मूल्य मात्र २०२३ मध्ये २६.७ अब्ज फ्रँक या विक्रमी पातळीवर गेले आणि २०२४ मध्ये किंचित घसरून २६ अब्जांवर आले. निर्यातमूल्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपासचा वाटा तीन हजार फ्रँकहून महाग घड्याळांचा आहे. घड्याळे निम्मी झाली, पैसा वाढला. थोड्यांना, पण फार महाग विकण्याच्या या धोरणात ते ‘थोडे’ कोण, हे जवळून ठाऊक असणे अपरिहार्य ठरते. मेजवान्यांचा खर्च त्यासाठी किरकोळच.

कोविडकाळात या हुरहुरीचा फुगा कसा फुगला तेही जगाने पाहिले. डिसेंबर २०२१ मध्ये टिफनीचे नाव कोरलेले पाटेक फिलिपचे एक पोलादी नॉटिलस न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेले. त्याची दुकानातील किंमत ५० हजार डॉलरच्या थोडी वर होती. २०२२ च्या वसंतानंतर दुय्यम बाजार घसरू लागला आणि गुंतवणूक म्हणून घड्याळे साठवलेल्यांचे हात पोळले. मग २०२४ मध्ये चीनमधील मागणी चतुर्थांशाने आटली. २०२५ मध्ये अमेरिकेचा धक्का बसला. एप्रिलमध्ये जिनिव्हात प्रदर्शन भरलेले असतानाच राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्विस मालावर ३१ टक्के शुल्काची घोषणा केली. ऑगस्टपासून प्रत्यक्षात लागू झाले ते ३९ टक्के. नोव्हेंबरच्या आरंभी रोलेक्स आणि रिशमाँच्या धुरीणांसह स्विस उद्योजकांचे शिष्टमंडळ व्हाइट हाउसमध्ये जाऊन आले. राष्ट्राध्यक्षांना भेट म्हणून मिळालेले रोलेक्सचे सोनेरी टेबल-घड्याळ छायाचित्रांत झळकले. त्याच महिन्यात शुल्क १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. नियमांपेक्षा निमंत्रण मोठे, हा या व्यापाराचा धर्म राजनैतिक पातळीवरही चालला, असेच म्हणावे लागेल.

चीन आटलेला, अमेरिका बेभरवशाची. अशा वेळी नजर भारताकडे वळणे स्वाभाविक होते. स्विस घड्याळ मुंबईला नवखे नाही. फावर-ल्युबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी ही नावे या शहरात एकोणिसाव्या शतकापासून रुळलेली आहेत. रेल्वेचे अधिकारी, सैन्य, संस्थानिक असा त्यांचा गिऱ्हाईकवर्ग होता. स्वातंत्र्योत्तर काळात आयातबंदीने तो धागा तुटला आणि मनगटावरचे परदेशी घड्याळ हा चोरट्या आयातीच्या कथांचा विषय झाला. आता तो धागा पुन्हा जोडला जात आहे. २०२४ मध्ये भारतातील स्विस घड्याळांची आयात सुमारे चतुर्थांशाने वाढून २७ कोटी फ्रँकच्या घरात गेली. वाढीचा वेग मोठा, पण स्विसांच्या एकूण निर्यातीतला वाटा जेमतेम एक टक्का. त्यामुळेच येथे मेजवान्यांची पाने मांडली जात आहेत. हे आजच्या विक्रीपेक्षा उद्याच्या विक्रीचे बी आहे.

या पार्श्वभूमीवर ‘एफ्टा’ म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन यांच्याशी १० मार्च २०२४ रोजी झालेल्या कराराकडे पाहिले पाहिजे. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. हे शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले होते. २० लाख रुपये आयातमूल्याचे घड्याळ धरले, तर २० टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के वस्तू-सेवा कर मिळून, अधिभार बाजूला ठेवले तरी, रक्कम २८ लाख ३२ हजारांवर जाते. शुल्क शून्य झाल्यावर ती २३ लाख ६० हजार होईल. फरक पावणेपाच लाखांचा, नगण्य नव्हे. पण तो सात वर्षांत विभागला गेला आहे, आणि त्याच काळात सोन्याचे भाव, कंपन्यांची वार्षिक दरवाढ व रुपयाची घसरण थांबून राहणार नाही. २०२५ मध्ये एका फ्रँकने शंभर रुपयांची पातळी ओलांडली. पहिल्या टप्प्यांची सवलत त्यातच विरून जाते. शिवाय ज्या वस्तूसाठी रांग आहे त्या वस्तूवरचे शुल्क उतरले तर किंमत उतरवण्याची विक्रेत्याला निकड ती काय?

खरा बदल होईल तो खरेदीच्या ठिकाणात. आजवर दुबई, सिंगापूर किंवा जिनिव्हात घड्याळ घ्यायचे, मनगटावर चढवायचे आणि विमानतळावर हिरव्या मार्गिकेतून बाहेर पडण्याचा धोका पत्करायचा, हा अनेकांचा परिपाठ होता. मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी मनगटे तपासल्याच्या बातम्या त्यातूनच येत. भारतातील दर परदेशाच्या जवळ आला तर ही जोखीम घेण्याचे कारण उरत नाही. त्याच वेळी २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून महाग मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का प्राप्तिकर आगाऊ गोळा करायचा आहे, म्हणजे खरेदीदाराचा पॅन सरकारदरबारी पोहोचतो. शुल्काचे दार किलकिले आणि नोंदीची खिडकी सताड, ही जोडी धोरण म्हणून वाईट नाही. महसूल थोडा बुडेल, हिशेब अधिक उजेडात येईल. मात्र ज्याच्यापासून हे विवेचन सुरू झाले ते ग्लासह्यूटेचे घड्याळ या सवलतीत बसत नाही. जर्मनी ‘एफ्टा’चा सदस्य नाही. सारी युरोपीय घड्याळे स्विसच, असे समजणाऱ्या ग्राहकाला हा फरक दुकानातच कळेल.

दुसऱ्या बाजूने भारताला काय मिळणार, याचे करारातील उत्तर भव्य आहे. पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख प्रत्यक्ष रोजगार, असे ते उद्दिष्ट आहे. घड्याळांच्या बाबतीत अपेक्षा याहून साधी आणि मोजता येण्याजोगी ठेवायला हवी होती. लाखो रुपयांचे यांत्रिक घड्याळ चार-सहा वर्षांनी उघडून, पुसून, तेल देऊन घ्यावे लागते. गुंतागुंतीच्या यंत्रांसाठी ते अनेकदा मूळ कारखान्यात पाठवावे लागते आणि ग्राहक महिनोन्‌महिने वाट पाहतो. इकडे गल्लीतला घड्याळजी, ज्याच्या डोळ्याला भिंग कायमचे चिकटलेले असे, मोबाइल दुरुस्तीकडे वळला किंवा निवृत्त झाला. त्याच्या मुलांनी ते काम हाती घेतले नाही. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये झाला, तेव्हा यांत्रिक घड्याळाचे ज्ञान असलेली एक पूर्ण पिढी विखुरली. शुल्कसवलतीच्या बदल्यात प्रशिक्षणशाळा आणि दुरुस्ती केंद्रांची ठोस अट घातली असती, तर मेजवानीला न बोलावलेल्यांच्याही पदरात काही पडले असते.

हे कौशल्य भारतात रुजू शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचा उद्योग विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या टायटनने क्वार्ट्झच्या बळावर एचएमटीला मागे टाकले होते. त्याच कंपनीने २०२५ मध्ये ‘नेब्युला जलसा’ हे टूर्बियाँ यंत्र असलेले, संगमरवरी तबकडीवर लघुचित्र रंगवलेले सोन्याचे घड्याळ आणले. नग अवघे दहा, किंमत चाळीस लाखांच्या वर. चित्रकाराचा ब्रश जयपूरच्या परंपरेतला आहे. कंपनीने उचललेला मार्ग मात्र ड्रेस्डेनचाच आहे. माल मोजका, पाहणारे मोजके. देशी कंपनीलाही रांगच लावावी लागली, याचा अर्थ या बाजारात दुसरी रीत सध्या तरी चालत नाही.

मेजवानीच्या त्या दालनात गोड पदार्थ येईपर्यंत गप्पा घड्याळांवरून मुलांच्या परदेशी शिक्षणावर गेलेल्या असतात. साध्या घड्याळाचा तो बँक कर्मचारी अजून ३४ मिलिमीटरच्या तबकडीबद्दल बोलत असतो आणि कंपनीचा प्रतिनिधी त्याचे म्हणणे मनापासून ऐकत असतो. कारण हाच माणूस उद्या शंभर जणांना त्याविषयी सांगणार आहे. निघताना सर्वांना सारखीच कापडी पिशवी मिळते. तीत एक पुस्तिका, एक पेन आणि पुढच्या भेटीची तारीख कळवली जाईल असे सांगणारे कार्ड असते. शल्यचिकित्सकांना मात्र दाराशी थोडे थांबवून घेतले जाते.